नवऱ्यामागे वाळलेली

आमच्या कापडे गावात बाईचं सुख तिच्या अंगावर बघत. लग्न होऊन आलेली सून वर्षभरात भरली की सासरचं नाव होई. नवरा गेल्यावर तीच वाळली की तिचं स्वतःचं. माझ्या आईने ही दोन्ही नावं मिळवली.

वडील भातलावणीच्या दिवसांत गेले. दिवाळीपर्यंत आईच्या दंडातली चोळी लोंबायला लागली. पाण्यावर भेटणाऱ्या बायका माझ्यादेखत म्हणत, "नवऱ्यावर जीव असावा तर असा." आई मान खाली घाली. मला वाटतं, तिला ते आवडायचं. आवडून घेण्यासारखं तिच्यापाशी दुसरं उरलं तरी काय होतं?

त्याच सुमारास धाकटी काकी वारली आणि काकाही अंगाने उतरला. त्याच्यासाठी मात्र सगळी वाडी हळहळली. "बाप्या माणूस, हातानं रांधून किती दिस काढील?" शिमग्याआधी वरंधची नवी काकी घरात आली. पावसाळ्याच्या तोंडाला काकाचे सदरे पोटावर तटतटायला लागले. एकाच घरात दोघं वाळली; त्याला बायको मिळाली आणि आईला शाबासकी.

आई तांब्यामागून तांब्या पाणी पिई, तरी ओठ कोरडेच. भूकही भयंकर लागे. पण नवरा गेलेल्या बाईने दुसरी भाकरी मागितली असती, तर हिचं दुःख आटोपलं असं लोक म्हणाले असते. म्हणून भात कांडताना ती मूठभर कच्चे तांदूळ चोरून तोंडात टाकी. ती लघवीला बसे त्या न्हाणीच्या दगडाशी मुंग्या जमत. मी दोन्ही बघत होते, पण त्याचा अर्थ सांगणारं घरात कुणी नव्हतं.

पुढे तिच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. मी म्हटलं, "आये, म्हाडच्या डॉक्टरकडं जाऊ."

"नको गो," ती म्हणाली. "लोक म्हणतील, हिला अजून जगायचं हाय."

शुद्ध हरपली तेव्हा कुठे तिला डोलीतून पोलादपूरला आणि तिथून मोटारीने महाडला नेलं. डॉक्टरांनी तिची लघवी निळ्या औषधात उकळली. ते विटेसारखं लाल झालं. साखरेचं दुखणं आहे, इतके महिने काय करत होतात, त्यांनी विचारलं.

"दुखणं हाय असं वाटलंच नाय, सायेब," काका म्हणाला. "आमी समजलो, भावाच्या मागं सुकतेय."

तो खोटं बोलत नव्हता, याचाच मला जास्त राग येतो. सुई टोचली, पण आई उठली नाही.

तेराव्याला बायका कौतुकाने बोलत होत्या. नवऱ्यामागनं गेली, भाग्याची. माझं डोकं फिरलं. "तिला साखर झाली होती," मी म्हटलं. "येळेवर औषध मिळतं तर वाचली असती."

शेजारच्या म्हातारीने माझ्या तोंडावर हात ठेवला. मायेनेच ठेवला.

"असं बोलू नको गो," ती म्हणाली. "आईची अब्रू घालवशील."