डाव्या हाताचा ब्रेक

आर्लिस ट्वेट गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात शिरली तेव्हा दुकानदार डेल्बर्टने तिच्यासाठी दोन डब्या काउंटरवर मांडून ठेवल्या होत्या. दोन्ही मुठीएवढ्या. पिकअपमध्ये बसून मागच्या ट्रेलरचे ब्रेक लावायचे ते या डबीतून. नव्या गाड्यांत ती कारखान्यातूनच बसून येते. ट्वेटांची पिकअप मात्र त्यांच्या थोरल्या मुलीच्या वयाची, आणि तिच्यातली जुनी डबी उन्हाळ्यात धूर काढून गेली होती.

"ही घ्या," डेल्बर्टने एक पुढे सरकवली. "गाडी किती जोरात थांबतेय ते हिला आपलं आपण कळतं. घाट उतरायला हिच्यासारखी नाही. फक्त गाडीच्या तोंडाच्या दिशेनं अगदी सरळ बसवावी लागते. जरा तिरकी झाली की हिचं डोकं फिरतं."

"आणि ती?"

"ती भोळी. तुम्ही जेवढा जोर लावून ठेवाल तेवढाच देते. बसवा कशीही, आडवी, तिरकी."

"हातानं दाबायचा खटका आहे तिला?"

"दोघींना आहे."

"मग भोळीच दे."

डेल्बर्टचा चेहरा पडला. "आर्लिसबाई, मागं ट्वेटांच्या घोड्या असणार. घोड्या कसल्या, हत्तिणी! इथं काटकसर नका करू हो. नॉरिस मला चर्चच्या पायरीवर धरेल."

"धरू दे. बरेच दिवस त्यानं कुणाला धरलं नाहीये."

अमेरिकेतल्या मोंटानाच्या त्या खोऱ्यात डोंगरावरून घोडा खाली आणायचा असला की लोक तिच्या नवऱ्याला, नॉरिसलाच हाक मारत. तिकडे गाडी चालवणारा डावीकडे बसतो; उतार लागला की त्याचा पाय ब्रेकवर जायच्या आधी उजवा अंगठा खटक्यावर जायचा. आधी ट्रेलर धरायचा, मग गाडी. मागच्या जनावराला धक्का म्हणून कळायचा नाही. वसंतात त्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि तो उजवा हातच लुळा पडला. तेव्हापासून तो स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून होता. तबेल्यात जाईना, गाडीत बसेना. "शेजारी बसून काय करू, झाडं मोजू?" म्हणायचा.

घोड्या अजून वरच्या कुरणात होत्या. बर्फाआधी त्यांना उतरवायलाच हवं होतं. शेजाऱ्याने आपणहून विचारलं, तेव्हा नॉरिस "आण बाबा तूच" म्हणाला आणि कॉफी तशीच ठेवून उठला. आर्लिसने त्याचा हात बरा कर म्हणून देवाकडे पुष्कळ मागितलं होतं. त्या दिवशी तिने मागणं बदललं. प्रभू, याला काहीतरी काम दे, एवढंच म्हणाली.

"डॅशबोर्डच्या मधोमध बसव," गाडीत डबी बसवायला घेतलेल्या डेल्बर्टला तिने सांगितलं. "आणि तोंड शेजारच्या सीटकडे फिरव."

डेल्बर्टने एकदा त्या सीटकडे पाहिलं. मग त्याने डबी आणखी चार बोटं उजवीकडे सरकवली. "नॉरिसचा कोपर इथं नीट टेकेल," म्हणाला.

ती घरी आल्यावर नॉरिसने बाहेर येऊन गाडीच्या खिडकीतून आत डोकावून पाहिलं. "डेल्बर्ट काय पिऊन आला होता? वाकडी बसवलीय."

"मीच सांगितलं तसं. मी चालवीन, तू ट्रेलर धर."

"डाव्या हातानं?"

"तोही देवानंच दिलाय ना?"

तो टोपी घालून गाडीत बसला.

वरच्या कुरणात जाऊन, घोड्या ट्रेलरमध्ये चढवून ते घाट उतरायला लागले. पहिल्याच वळणावर नॉरिसचा अंगठा खटक्यावर दणकन बसला. डाव्या अंगठ्याला त्या कामाची सवय कुठली? ट्रेलरची चाकं किंचाळली, मागे घोड्यांच्या टापा धाडधाड वाजल्या. आर्लिसने कशीबशी गाडी कडेला घेतली. नॉरिस पांढराफटक पडला होता.

"शेजाऱ्याला बोलाव," तो म्हणाला. "मी त्यांना मारलं असतं."

काही नाही झालं, असं म्हणायला तिची जीभ उचलेना. "आधी त्यांना बघून तरी ये," ती म्हणाली.

तो उतरला. आरशात तिला दिसलं, ट्रेलरला खांदा लावून तो फटीतून आत बोलत होता. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण बराच वेळ बोलला. परत येऊन बसला आणि डबीवरचं जोर कमीजास्त करायचं चाक त्याने मागे फिरवलं.

"गाढवासारखा जोर लावून ठेवलाय डेल्बर्टनं. चल."

"नक्की?"

"चल म्हटलं ना! आणि खालचा गिअर घाल."

पुढच्या वळणाआधी ट्रेलरने गाडीला मागून अलगद ओढून धरलं. मागे टापेचा आवाज नाही. त्याच्या पुढच्या वळणालाही नाही.

"ब्रेकवरचा पाय उचल."

"उचललाय रे."

"कुठं उचललास? अर्धा तिथंच आहे. तुला गाडी शिकवली कुणी?"

"तूच!"

"मग तेव्हा लक्ष कुठं होतं तुझं?"

"तुझ्याकडे," ती म्हणाली.

घाटभर तो तिला बोलत राहिला. वसंतापासून तो तिच्यावर एकदाही खेकसला नव्हता, आता सगळं उट्टं काढत होता. ती ऐकत होती, मनात देवाचे आभार मानत होती आणि डोळे भरून रस्ता पुसट होऊ नये म्हणून पापण्या मिटमिटवत होती.

घाट संपला, रस्ता सरळ झाला. त्याचा अंगठा खटक्यावर तसाच होता.

"आता सपाट आहे," ती म्हणाली.

"पुढं रेल्वेचं फाटक आहे," नॉरिस म्हणाला आणि सीटवर जरा पुढे सरकून बसला.