'वाचले' लिहून केलेली सही

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साताऱ्यातली आमची शाळा, शनिवार सकाळ... आणि तात्या शिपाई सूचना वही घेऊन शिक्षकांच्या खोलीत आले.

सूचना वाचायची, खाली 'वाचले' लिहून सही ठोकायची, वही पुढे सरकवायची. मला नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं, तेही टेंपररी. पण एवढं एक काम डोळे मिटून जमायचं.

त्या दिवशी वहीत हेडमास्तरांच्या अक्षरातले सुटे कागद निघाले. आम्हा शिक्षकांबद्दलचे गोपनीय शेरे... वरच्या ऑफिसला जायचे, चुकून वहीत राहिलेले.

साळुंखे सरांचा मेव्हणा कोर्टात कारकून, त्यामुळे कायदा त्यांच्याकडे. आधी म्हणाले, "गोपनीय कागद वाचणं गुन्हा हाय." मग म्हणाले, "चोरला तर गुन्हा. आयता आला तर न्हाई." आणि स्वतःचा शेरा वाचून मोकळे झाले.

माझा पार गोंधळ उडाला. माझ्याबद्दल लिहिलेलं मीच वाचायचं नाही, हा कुठला न्याय... आणि दुसऱ्याचं वाचायचं, हा तरी कुठला?

वाचलं. माझं, आणि त्याच कागदावर खाली होतं म्हणून जाधव गुरुजींचंही. 'दृष्टी फार कमी झाली आहे. वैद्यकीय तपासणीस पाठवावे.' गुरुजींच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. तपासणी म्हणजे घरी बसणं, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि त्या कागदाखालीच हात सवयीने चालला. 'वाचले', सही, तारीख. भानावर येऊन बघते तर बाकी कुणाचीच सही नाही... तात्या वही घेऊन गेलेसुद्धा.

व्हरांड्यात जाधव गुरुजींनी गाठलं. "बाई, माझ्याबद्दल काय लिवलंय? कागद हातात धरला हुता मी, पर..."

मी वाचलं हाच गुन्हा असेल, तर सांगणं म्हणजे दुसरा गुन्हा का? शेवटी सांगितलं. गुरुजी म्हणाले, "खोटं न्हाई लिवलं त्येंनी." घंटा झाली तसे भिंतीला हात लावत वर्गाकडे गेले. मला फार वाईट वाटलं.

सोमवारी हेडमास्तरांनी बोलावलं. टेबलावर तोच कागद. नोकरी गेली असं धरूनच मी उभी होते.

"अजून कुणी कुणी वाचलं?"

"सही माझी आहे, सर." मग न विचारताच सांगून टाकलं... गुरुजींना मी काय सांगितलं, आणि ते काय म्हणाले.

हेडमास्तरांनी कागद उचलून माझी सही पाहिली. मग म्हणाले, "तुमची सही पडलेला कागद वर पाठवता येत नाही. आता सगळं पुन्हा लिहावं लागणार."

नव्या कागदावर काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पण जूनपासून गुरुजींकडे पाढ्यांचे आणि कवितांचे तास आले, फळ्यावरचं काम गेलं. दोन वर्षांनी त्यांचा निरोप समारंभ आमच्याच शाळेत झाला. तोवर मीही कायम झाले होते.

तो गुन्हा होता का, हे मला आजही सांगता येत नाही. हल्ली फोनवर कुणाकुणाची खासगी पत्रं फॉरवर्ड होऊन येतात. उघडण्याआधी स्वतःला एवढंच विचारते... याच्याखाली 'वाचले' लिहून सही करशील का?

बहुतेक वेळा हात मागे येतो.