एकदाच दाबा आणि गप बसा

अख्खा ठाणे जिल्हा पालथा घातलात तरी माझ्या बायकोच्या मामांइतका उशिरा पेटणारा माणूस तुम्हाला सापडणार नाही. हळदीच्या मांडवात सांगितलेल्या विनोदावर मामा हसतात ते लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर दुसऱ्याच कुणाच्या तरी शोकसभेत हसले. मी नवा जावई म्हणून शहापूरहून पहिल्यांदा टोकावड्याला गेलो, तेव्हा दारातच वाकून म्हणालो, "जय भीम, मामा." मामा माझ्याकडे नुसते बघत राहिले. चेहरा कोरा. मला वाटलं, भाचीसाठी यांनी याहून बरं काहीतरी मनात धरलं असावं. हातपाय धुतले, चहा झाला, पोहे आले, आणि माझ्या तोंडात घास असताना समोरून गडगडाट झाला, "जय भीम, जावयबापू!" मला ठसका लागला. मामी पाठीत थापट्या देत म्हणाल्या, "घाबरू नका. घरभर टायमर बसवलेत, तसा एक त्यांच्या आत पन हाय."

मामा जन्मभर मुरबाडच्या एमआयडीसीत, पाण्याच्या मोटारींचे पॅनल बनवणाऱ्या एका कारखान्यात होते. निरोपाच्या दिवशी इतरांना शाल आणि नारळ मिळतो. मामांनी नारळ तिथंच फोडला आणि शालीत मोडीतले टायमर बांधून आणले. त्यातले काही दम धरणारे, म्हणजे वीज आली तरी जरा थांबून मग चालू होणारे. काही रेंगाळणारे, म्हणजे बटण बंद केलं तरी थोडा वेळ चालूच राहणारे. "वीज गेली नि आली, की पयला झटका लय वाईट," मामा सांगत. "सगळ्या गावाच्या मोटारी एकदम उठतात. व्होल्टेज खाली बसतं, मोटर जळते. आपली मोटर सगळ्यांच्या मागून उठंल." विचार सोन्यासारखा होता. वीज आली, गावच्या मोटारी एकदम उठल्या, खांबावरच्या डीपीचा फ्यूज तोफेसारखा उडाला, आणि मामांच्या मोटारीची पाळी आली तेव्हा गावात वीजच नव्हती. सगळ्यांची भेंडी सुकली, त्यात मामांचीही. पण मामा छाती काढून विचारत फिरत होते, "आपली मोटर जळली का?" चाललीच नाही ती जळणार कशी, हे त्यांना सांगायला कुणाला धीर झाला नाही.

त्या घरात मी कुठलं बटण दाबलं आणि त्यानं काय झालं, याचा मला आजतागायत मेळ लागलेला नाही. न्हाणीतला दिवा मी बंद केला, तो चालूच. पंख्याचं बटण दाबलं, तो बंदच. बटण वर केलं, खाली केलं, परत वर, परत खाली. घामानं मी निथळतोय आणि आतून मामी ओरडतायत, "जावयबापू, एकदाच दाबा नि गप बसा!" मग कळलं, की टायमरची डबी आतल्या आत मोजत असते. मधेच बटण बंद केलं, की तिची मोजणी परत पहिल्यापासून. मी तिला पुरी मोजूच देत नव्हतो. ओटीवरच्या दिव्याचा घड्याळवाला टायमर तर वीज गेली की झोपायचा आणि आली की राहिल्या जागेवरून चालू लागायचा, त्यामुळे तिथं भर दुपारी लख्ख उजेड. तो बघून माळशेजच्या एसटीचा ड्रायव्हर गाडीचे दिवे लावतो असं मी ऐकलंय. मीच ते पसरवलंय, ही गोष्ट वेगळी.

पण एका सकाळी प्रकरण चिघळलं. मामींनी चटणीसाठी मिक्सरचं बटण दाबलं. शांतता. वीज गेली समजून त्यांनी झाकण काढलं, आत डोकावल्या, आणि मिक्सर उठला. चटणी कौलांना, चटणी मामींना, चटणी मला. मामांनी आदल्या दिवशीच मिक्सरला टायमर बसवला होता. ते मामींना सांगणं त्यांच्या तोंडून अजून बाहेर पडायचं होतं.

मामींनी तोंड धुतलं आणि पिशवी भरली. "मी चालले वैशाखऱ्याला, भावाकडं. तो एकटाच हाय, कायमची ये म्हनतोय. आवो, जाऊ का ऱ्हाऊ?" मामा कौलांकडे बघत राहिले. "जाऊ का ऱ्हाऊ?" मामांचे ओठ हलले. "सांगा ना, जाऊ का ऱ्हाऊ?" ओठ मिटले. असं एसटी येईपर्यंत चाललं. गाडी मामींना घेऊन वळणाआड गेली, धूळ बसली, आणि मामा रिकाम्या ओटीला म्हणाले, "ऱ्हा गो."

काही दिवसांनी मी गेलो तेव्हा घर आपलं आपण चालू होत होतं, बंद होत होतं, आणि कुणी ओरडत नव्हतं. मामा मिक्सरसमोर बसले होते. टायमर काढून बाजूला ठेवलेला. मी त्यांना उठवलं आणि वैशाखऱ्याला नेलं.

मामी भावाच्या अंगणात वाल सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "आलात? आता तरी सांगा. येऊ का नको?" मामा गप्प. मामींनी परत तोंड उघडलं, आणि माझ्या डोक्यात कसा कोण जाणे पंखा फिरला. मी ओरडलो, "मामी, एकदाच दाबा नि गप बसा!"

मामी चपापल्या. मग खरंच गप्प बसल्या. भाऊ गप्प, मी गप्प, दावणीची शेळीसुद्धा चघळायची थांबली. मामींच्या हातात वालाची एक शेंग तशीच धरलेली. आणि मामा बोलले.

"घरात कायबाय लागतंय, विजतंय. तू वरडली नाय, तर मला कळनार कसं गो, कुठला लागला?"

मामींनी पदर तोंडाला लावला. "मानसाशी लगीन लावलं का पॅनलशी, देव जाने," एवढं म्हणून त्या पिशवी आणायला आत गेल्या.

आता मिक्सर सोडून सगळे टायमर जागेवर आहेत. मामी एकदा विचारतात आणि आपल्या कामाला लागतात. उत्तर त्यांच्यामागून विहिरीपर्यंत येतं. मामा आणखी थकलेत, मोजणी आणखी लांबलीये. परत निघताना एसटीत चढता चढता मी "जय भीम, मामा" म्हणतो. ते नुसते बघत राहतात. म्हणून मी पुढे जागा असली तरी मागच्या काचेपाशी बसतो. गाडी सुटते, रस्त्याकडेचा ढाबा मागे पडतो, मामा बोटाएवढे होतात, आणि वळणाच्या जरासं अलीकडे त्यांचा हात वर जातो. हल्ली वळण फार लवकर येतं.