तिच्या नावाचे पेढे

चंद्रपूरच्या दवाखान्यात माझी मुलगी काचेच्या पेटीत होती आणि मी बाहेर व्हरांड्यात. मधे एक बंद दार, दाराला हातभर खिडकी. दोन महिने आधीच आली होती ती. अंगाला कापूस गुंडाळलेला, नाकात बारीक नळी, वर पिवळा दिवा. मी वाटीत दूध काढून द्यायचं, नर्सबाईंनी ते नळीतून घालायचं, आणि माझं आईपण तेवढ्यावर संपायचं. मला खिडकीशी उभी पाहून लोकांना वाटत असेल, बिचारी देवाचा धावा करतेय. मी जळत होते.

नर्सबाईंवर जळत होते, कारण त्यांचे हात पेटीत जायचे आणि माझे नाही. अंगणात उन्हाला बसून बाळांना तेल चोळणाऱ्या बायकांवर जळत होते. कुणी बाळाला घेऊन घरी जायला रिक्षात बसली की मी सरळ पाठ फिरवायची. शेजारच्या खाटेवर एक बाई होती. पोरगं रात्रभर रडतं, डोळ्याला डोळा लागत नाही, अशी तिची रोज सकाळी कुरकुर. हातातली वाटी तिला फेकून मारावी असं वाटायचं. माझी मुलगी रडायची तेव्हा तोंड तेवढं वाकडं व्हायचं, आवाज काचेबाहेर येतच नव्हता. नर्सबाई म्हणायच्या, अजून तिला रडायला जोर नाही.

माझी आई सोबतीला होती. सातव्यातली लेकरं जगतात, असं ती मला दिवसातून कितीदा तरी सांगायची. पण नात झाल्याचं तिनेही गावाकडे कुणाला कळवलं नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं होतं.

खरा जळफळाट मात्र धाकट्या जावेवर. अहेरीला आमचं एकत्र घर. मी बरीच वर्षं वाट पाहिलेली, आणि ही लग्न होऊन आली काय, वर्षाच्या आत तिला दिवसही गेले. एकाच स्वयंपाकघरात आम्ही दोघी पोट सांभाळत वावरलो. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. म्हणजे सासूबाई तिच्याजवळ, डिंकाचे लाडू तिच्याजवळ, शेक-शेगडी सगळं तिच्याजवळ. माझी मुलगी तिच्या मुलाच्या आधी जन्मली, तरी घरातलं पहिलं नातवंड तोच ठरला. कुणी खोटं बोलत नव्हतं. माझी अजून कुणी हिशेबात धरलीच नव्हती.

हे मला नवऱ्याकडून कळलं. तो आलापल्लीला लाकडाच्या डेपोवर होता, सुट्टी मिळेल तसा एसटीने यायचा. त्या दिवशी आला तो हातात फडक्यात बांधलेला डबा घेऊन. भावाला मुलगा झाला, चांगला गुटगुटीत आहे, बारसंही झालं, असं त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं. पाळणा कोणता बांधला, मी विचारलं. तो खांद्यावरचा दुपट्टा काढून परत घडी घालत बसला.

आलापल्लीच्या सुताराकडून सागाचा पाळणा त्याने आमच्या बाळासाठी करून आणला होता. बाळाआधी पाळणा घरात आणू नये म्हणून माझी आई तेव्हा त्याच्यावर रागावली होती.

“रिकामाच तं होता,” तो म्हणाला.

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण ते शब्द माझ्या आजही पोटात आहेत.

डब्यात पेढे होते. दवाखान्यातल्या लोकांचंही तोंड गोड करा, असा सासूबाईंचा निरोप होता. मी डबा घेतला आणि उठले. सगळ्यात आधी नर्सबाईंपुढे धरला. त्यांनी पेढा उचलला आणि हसल्या.

“काऊन बाई, पोरगीच झाली ना तुमाले? पोरीची तं बर्फी असते.”

“हिचे पेढेच हायेत,” मी म्हणाले.

नवरा मागेच उभा होता. माझ्याकडे पाहत त्याने डब्याचं फडकं माझ्या हातून घेतलं. मी सगळ्या खाटांवरून फिरले. चौकीदाराला दिला, झाडूवाल्या बाईला दिला, कुरकुर करणारीला दोन दिले. जो तो पेढा घेऊन माझ्या मुलीला आशीर्वाद देत होता. नर्सबाई तोंडात पेढा घेऊनच आत गेल्या, पेटीवर वाकल्या, काहीतरी बोलल्या. काय बोललात म्हणून मी नंतर विचारलं. तुह्या नावाचा पेढा खाल्ला, आता मोठी हो, असं म्हणाल्या होत्या. माझी मुलगी जन्मली आहे, असं धरून त्या दिवशी पहिल्यांदा लोक वागले. शेवटचा पेढा मी खाल्ला. तेव्हा लाज वाटली नाही, आताही वाटत नाही.

पुढे तिची नळी निघाली, कापूस निघाला, ती अंगावर पिऊ लागली आणि एकदाचे आम्ही अहेरीला आलो. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला. डोळे पुसत होत्या, आणि ते खोटं नव्हतं. जावेने झोपलेल्या मुलाला पाळण्यातून उचललं, माझ्यापुढे धरलं.

“याले घ्या, बाई. तिचा पाळणा तिले द्या.”

माझी तिने अलगद पाळण्यात ठेवली आणि हा माझ्या हातात आला. काय वजन होतं त्याला. तोंड उघडं, दुधाचा वास, मान सगळी घामेजलेली. न बघताच ज्याचा मी इतका दुस्वास केला होता, त्याला मी छातीशी धरलं. आवडला तो मला, इलाज नव्हता.

तेवढ्यात पाळण्यातून आवाज निघाला. मुठी आवळून, लालेलाल होऊन ती अशी काही रडू लागली की शेजारीण कुडाच्या कुंपणावरून डोकावली. सासूबाई घाबरल्या, काय झालं म्हणून धावल्या.

“मी त्याले घेतलं ते खपलं नाई तिले,” मी म्हणाले. “माह्यावर गेली.”

त्या रात्री तिने घरात कुणाला झोपू दिलं नाही. सकाळी मी मुद्दाम कुडापाशी जाऊन शेजारणीला हाक मारली आणि तिच्यापुढे कुरकुर केली, पोरगी रात्रभर रडते, डोळ्याला डोळा लागत नाही.