रशीदभाई आणि माझं नेटवर्क कार्ड

रशीदभाईंशी मी एकदा धडधडीत खोटं बोलले होते.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं, म्हणून सांगून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जुन्या जालन्यात कापड दुकानांच्या गल्लीत त्यांचं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान होतं. तीर्थपुरीतलं माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं सेंटर सुरू झालं ते त्यांच्याकडून घेतलेल्या एका सेकंडहँड कॉम्प्युटरवर.

कॉम्प्युटर चांगला होता. फक्त नेट मध्येच जायचं. पाच-दहा सेकंदच, पण तेवढ्यात फॉर्म लॉगआउट.

समोरचा माणूस मशीनवर अंगठा ठेवून बसलेला आणि मी म्हणायची, "काका, परत पहिल्यापासून."

दोन महिन्यांत लोक माझ्या दारावरून पुढच्या सेंटरला जायला लागले. नोकरी सोडून, घरच्यांशी भांडून काढलेलं सेंटर. बंद पडलं असतं तर कोणत्या तोंडाने घरी सांगितलं असतं, देव जाणे.

नेटवाला येऊन लाइन ठीक आहे म्हणून गेला. मग मी रशीदभाईंना फोन केला.

"लाइन बराबर असंल तर नेटवर्क कार्डाची सेटिंग बघावी लागंल ताई. डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्यात नेटवर्क ॲडाप्टर. मंग ॲडव्हान्स्ड. आता वाचा."

"काय वाचू?"

"सगळं. वरून खाली."

वीसेक ओळी होत्या. प्रत्येकीपुढे काही ना काही लिहिलेलं, बहुतेक ठिकाणी एनेबल्ड नाहीतर डिसेबल्ड. ग्रीन इथरनेट. फ्लो कंट्रोल. जम्बो फ्रेम. मी वर्गात उभं केल्यासारखी मोठ्याने वाचत होते आणि समोर बसलेल्या आजीबाई कौतुकाने ऐकत होत्या.

"रशीदभाई, तुम्हीच रिमोटवर घ्या ना."

"रिमोटवर घेतलं तर तुमचं नेट गेल्यावर मी बी जाईन ना ताई!"

त्या दिवशी त्यांनी नुसतं वाचूनच घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नियम सांगितला. एका दिवशी एकच ओळ बदलायची. आधी काय होतं ते वहीत लिहायचं. मग दिवसभर बघत बसायचं.

"सगळ्या एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कसं कळंल? आज ग्रीन इथरनेट बंद करा. बस. उद्या बोलू."

खरं सांगते, मला राग यायचा. एवढं येतं तर एकदाचं सांगून का टाकत नाही हा माणूस?

मग शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख आली. सकाळपासून पोरींची रांग. नेट गेलं, आलं, गेलं.

मी एक व्हिडिओ बघितला. 'हे सगळं डिसेबल करा आणि बघा कमाल.' केलं. स्पीडची ओळसुद्धा बदलली. वहीत एक अक्षर लिहिलं नाही.

कमाल झाली. नेट गेलं ते परत आलंच नाही.

फोन लावला.

"रशीदभाई, नेट पूर्ण बंद पडलं."

"काही बदललं का?"

"न्हाई. मी काहीच केलं न्हाई."

ते म्हणाले, "बरं. वाचा."

मी वाचत गेले, ते सांगत गेले. "हे चालू करा. हे ऑटो. हे ऱ्हाऊ द्या. हे बंदच ठेवा, ते आपणच केल्तं." वीसच्या वीस ओळी. कुठे अडखळले नाहीत.

शेवटी पॉवर मॅनेजमेंट उघडायला लावलं. वीज वाचवायला कॉम्प्युटरने हे कार्ड बंद केलं तरी चालेल, अशी तिथे एक टिक होती.

"ती काढा. ही उद्या सांगणार होतो. आजच काढा, जल्दी."

नेट आलं. दुपारपर्यंत रांग संपली. त्या दिवसानंतर ते मधेच कधी गेलं नाही. सेंटर वाचलं.

मी गावभर सांगत सुटले, रशीदभाईंना सगळ्या सेटिंग तोंडपाठ आहेत. आणि मनात म्हटलं, माझं खोटं काही त्यांच्या लक्षात आलं नाही.

गेल्या वर्षी ते अचानक गेले. मी जाऊन त्यांच्या घरच्यांना भेटून आले. नंतर दुकान रिकामं करताना त्यांच्या मुलीचा, सनाचा फोन आला.

"दीदी, एका कॉम्प्युटरवर तुमच्या गावाचं नाव हाय. एकदा येऊन बघा."

गेले. कोपऱ्यात माझ्या कॉम्प्युटरचा जुळा भाऊ. तेच मॉडेल, तेच कार्ड. कॅबिनेटवर मार्करने लिहिलेलं: तीर्थपुरी ताई. विकायचा नाही.

सना म्हणाली, "एका ऑफिसातून दोन आणल्ते. एक तुम्हाला दिला. ह्याच्यासाठी बी गिऱ्हाईक आल्तं, पण अब्बांनी बिलकुल दिला न्हाई. तुमचा फोन आला की ह्याच्यासमोरच बसायचे."

चालू केला. सेटिंग उघडल्या. वीसच्या वीस ओळी माझ्यासारख्या. ती टिकसुद्धा काढलेली.

तोंडपाठ काही नव्हतं. प्रत्येक ओळ ते आधी इथे बदलायचे, दिवसभर बघायचे, मग मला सांगायचे. म्हणून रोज एकच.

कीबोर्डखाली एक वही होती, उर्दूतली. सना मला मराठीत सांगत गेली. ग्रीन इथरनेट बंद, दिवसभर ठीक, ताईला सांगितलं. असंच पानभर. शेवटच्या ओळीवर ती थांबली. माझ्याकडे बघून हसली.

"दीदी, अब्बांनी लिहिलंय, ताईनं आज सगळंच बदललं. न्हाई म्हणती. घाबरलीय. विचारायचं न्हाई."

मी तिथेच स्टुलावर बसून रडले. सनाने पाणी आणून दिलं.

तो कॉम्प्युटर आता माझ्या सेंटरमध्ये आहे. काही बदलायचं असलं की आधी त्याच्यावर बदलते, दिवसभर बघते आणि वहीत लिहिते.

रशीदभाई, त्या दिवशी मीच केलं होतं. सगळ्या ओळी.

माफ करा.

तुमच्या तीर्थपुरीच्या ताईचा सलाम.