विहिरीवरची म्हातारी

युरोपातल्या जुन्या शिलेदारांच्या गोष्टींबद्दल कुणी कौतुकाने बोलू लागलं की मी विषय बदलतो. दोष गोष्टींचा नाही.

नव्वदच्या दशकात मी सिंगापूरला, सेम्बावांगच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत मरीन इंजिनिअर होतो. ओळखीतली दहा-बारा मराठी घरं मिळून ईस्ट कोस्टवरच्या एका कॉन्डोच्या, म्हणजे श्रीमंती सोसायटीच्या, हॉलमध्ये गणपती बसवायची. मुलांचं नाटक बसवायचं काम माझ्याकडे होतं. कॉलेजात एकांकिका केल्या होत्या, एवढंच माझं भांडवल. मुलं इंग्रजी शाळांतली, वाक्यामागे तिथलं ‘लाह’ जोडणारी. त्यांना मावळे आणि किल्ले परके, पण चिलखत घातलेले नाइट अगदी घरचे. म्हणून लायब्ररीतून पुस्तकं आणली आणि त्यातली एक गोष्ट मराठीत उतरवली.

एका शिलेदाराला दिलेल्या शब्दापायी भयंकर कुरूप बाईशी लग्न करावं लागतं. लग्नाच्या रात्री ती सुंदर होते आणि विचारते, मी दिवसा अशी असू की रात्री? दोन्ही वेळा जमणार नाही. तो म्हणतो, तुझं तू ठरव. तेवढ्याने शाप सुटतो आणि ती कायमची सुंदर होते.

वाचता वाचता कळलं की ही बाई शिलेदारांच्या काळाहून फार जुनी आहे. आयर्लंडच्या केल्ट लोकांच्या पुराणकथेत ती रानातल्या विहिरीवर बसलेली असते. काळे पडलेले दात, सुजलेले गुडघे. तहानलेले राजपुत्र एकेक करून येतात. पाणी हवं तर मला जवळ घे, असं ती म्हणते. बाकीचे नाक मुरडून तहानलेलेच परततात. एक जण तिला मिठी मारतो, तेव्हा ती सुंदर होऊन सांगते, मीच हे राज्य आहे. आपल्याकडे राज्यलक्ष्मी म्हणतात, तशीच ही. फक्त आधी किळस गिळावी लागते. पुढे ही गोष्ट दरबारी कवींच्या हाती गेली. तिचं राज्य गेलं, उरली एक शापित बायको. पण ‘तुझं तू ठरव’ या उत्तरात जुन्या देवीचा अधिकार तेवढा शिल्लक राहिला. मला या शोधाचा फार आनंद झाला. जेवताना बायकोला, एमआरटी रेल्वेत मुलीला, भेटेल त्याला सांगत सुटलो.

कुरूप बाईचं काम मी माझ्याच मुलीला दिलं. ती अकरा-बारा वर्षांची, सावळी, खणखणीत आवाजाची. दिग्दर्शकाची म्हणून राणी झाली, असं कुणी म्हणू नये हा माझा विचार. तिला मात्र काम मनापासून आवडलं. गालावर कणकेचे मस चिकटवून ती फ्लॅटभर लंगडत फिरायची.

नाटकाला थोडे दिवस उरले असताना तालमीत कॉन्डोवाल्या वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्यांचे यजमान गोदीत माझे साहेब होते आणि माझा एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे तिथे नोकरी करायचा परवाना, त्यांच्या शिफारशीवर पुढे सरकायचा.

“भावजी, शेवटी ती सुंदर होते ना? मग तिथे आमची छोटी येऊ दे की. दिवे घालवायचे, ही आत, ती बाहेर.”

“पण वहिनी, बाई एकच आहे.”

“अहो, फरक दिसायला नको का? तुमची गुणी आहे हो. पण नुसते मस काढले तर शाप सुटला हे लोकांना कळणार कसं?”

त्या हसल्या. शेजारच्या दोघी हसल्या. मीही हसलो. शिळ्या तेलाची चव राहावी तसं ते हसू अजून माझ्या तोंडात आहे.

घरी बायकोने विचारलं, “आणि तुम्ही हो म्हणालात?”

“रंगमंचाची गरज असते गं.”

“कुठल्या रंगाची?” एवढंच म्हणून ती भांडी घासायला गेली.

मुलीने शांतपणे ऐकून घेतलं. “मग म्हातारी कुठे जाते, बाबा?”

“कुठेच नाही. तीच सुंदर झाली, असं समजायचं.”

“पण मी तर आत उभी असणार ना. दॅट्स नॉट हर, लाह. ती राज्य आहे, असं तूच सांगितलंस.”

“नाटकात थोडं इकडेतिकडे चालतं.”

ती मसांसाठी कणीक भिजवायला गेली. मी ते मान्य केल्याचं लक्षण समजलो.

प्रयोगाच्या दिवशी शिलेदार झालेला मुलगा चुकत-माकत ‘तुझं तू ठरव’ म्हणाला. दिवे गेले. ठरल्याप्रमाणे मी विंगेतून हात लांब केला, मुलीचं मनगट धरलं आणि ओढलं. तिने ते सोडवून घेतलं. दिवे लागले तेव्हा रंगमंचावर दोघी उभ्या होत्या. जरीच्या घागऱ्यात वहिनींची छोटी आणि तिच्या शेजारी फाटक्या शालीत माझी. हॉलमध्ये हशा उसळला. शिलेदार बिचारा आळीपाळीने दोघींकडे बघत होता.

माझ्या मुलीने गालावरचे मस एकेक करून उपटले. “शिलेदारा, ही नाही. मी ती. आणि मी असं ठरवलंय की...”

“भावजी, पडदा!” मागून वहिनी कुजबुजल्या.

दोरी माझ्याच हातात होती. मी पडदा ओढला. तिचं तोंड उघडंच होतं.

टाळ्या पडल्या. शेवटचा विनोद झकास जमला, असं सांगत लोक माझी पाठ थोपटत होते. साहेबांनीही हात मिळवला. बाईला तिचा निर्णय देणारी गोष्ट मी पुस्तकांतून उकरून काढली, सगळ्यांना समजावून सांगितली आणि मुलीच्या तोंडावर पडदाही मीच ओढला. हे सगळं मला तिथे, टाळ्यांच्या मध्ये उभं असतानाच कळत होतं. नंतर कधीतरी उमगलं, असं म्हणायची सोय नाही.

परतताना एमआरटीत ती खिडकीकडे तोंड करून गालावरची सुकलेली कणीक नखाने खरवडत होती.

“पुढे काय म्हणणार होतीस?” मी विचारलं.

“नथिंग.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, “इट्स ओके लाह, बाबा.”

बायको समोरच्या सीटवर डोळे मिटून बसली होती. झोपलेली नव्हती.

आणि मला हायसं वाटलं. साहेब नाराज नव्हते, मुलगी रडली नव्हती. वहिनींनी निघताना दिलेला मोदकांचा डबा मांडीवर होता. गाडीत खायला बंदी, म्हणून मी स्टेशन येईपर्यंत थांबलो. बाहेर पडल्यावर त्या दोघी पुढे गेल्या. मी मागे राहून डबा उघडला आणि चालता चालता दोन मोदक खाल्ले.