मोरारच्या चर्चमध्ये दह्याचा डबा

मुक्ताचा फोन आला तेव्हाच ठरवलं, जायचं. माझी ही चुलतबहीण ग्वाल्हेरला जन्मली, वाढली आणि आता तिथल्याच मोरार भागातल्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेणार होती. तिचे बाबा, म्हणजे माझे काका, माधवगंजातल्या देवळाचे पुजारी. ते येणार नाहीत हे तिनं गृहीतच धरलं होतं. "तू तरी ये ताई," एवढंच म्हणाली.

जानेवारीत जाणार असाल तर स्वेटर हाताशी ठेवा. पुण्याच्या थंडीच्या हिशेबानं गेलात तर स्टेशनवरच कुडकुडाल. रिक्षावाले तोंडाला येईल ते भाडं सांगतात, दोन पावलं पुढं गेलात की निम्म्यावर येतात. शनिवारी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जलेबी हाणून मी आणि मुक्ता उरवाई दरवाजानं किल्ला चढलो. गाडी वर जाते, पण चालत जा. कातळातल्या त्या प्रचंड जैन मूर्ती चालतानाच नीट बघून होतात.

वर दम खात मी विचारलं, "देवाची हाक आली म्हणतेस, म्हणजे नेमकं काय झालं गं?"

"आवाज-बिवाज काही नाही ताई. कोणीतरी बुलावतंय असं कितीतरी साल वाटत होतं, और मैं टाल रही थी. ना म्हणायची छूट होतीच. मग वाटलं, त्याला असं कितीक दिवस दारात उभं ठेवायचं?"

नोकरी, लोक, बाबा, सगळ्या सबबी तिच्या देवाला सांगून झाल्या होत्या. धर्म बदलण्याच्या कायद्याप्रमाणे कलेक्टर कचेरीत कळवायलाही ती एकटीच गेली होती. मला तिचा फार अभिमान वाटला आणि तसं मी सांगितलंही. पण ती खाली माधवगंजाकडे बघत होती. "बाबा काहीच बोलत नाहीत," म्हणाली.

रविवारी चर्चला निघताना काका दह्याची वाटी घेऊन आले. आमच्याकडे परीक्षेला, परगावी, कुठल्याही मोठ्या कामाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवतात. ते खाल्ल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. मुक्तानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"बाबा, आज चर्चमध्ये पहिला परमप्रसाद घ्यायचा आहे. त्याच्या आधी खायचं नसतं."

मी घाबरले. वाटलं, आता संपलं सगळं. पण काका जन्मभर पूजेआधी पाण्याशिवाय काही न घेतलेले.

"मग उपास आहे म्हण ना. ठहर," ते म्हणाले. दही स्टीलच्या डब्यात घातलं आणि चपला चढवल्या. "सुटला की तिथंच देतो."

चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर, डबा मांडीवर धरून बसले. फादरनी मुक्ताचं नाव घेऊन विचारलं, विश्वास करती हो? तिचं "जी हाँ, करती हूँ" मागपर्यंत खणखणीत आलं. शेजारच्या बाईंनी काकांना विचारलं, आप किसके साथ?

"वो मेरी बेटी है," काका ताठ बसत म्हणाले.

नंतर अंगणात त्यांनी तिच्या हातावर दही ठेवलं. "मला पटलेलं नाही. पण देवानं बोलावलं आणि आपल्या घरातल्यानं तोंड चुकवलं, असं नको व्हायला."

पुण्याला आणलेली तिळगुळाची गजक दोन दिवसांत फस्त झाली. पुढच्या रविवारी काकांना फोन केला आणि चिडवलं, "आज डबा नेलात की नाही?"

"आता कशाला? ती चर्चमधून घरी येते, मग दोघं बरोबर खातो. तोवर मीही काही घेत नाही."